शेवटच्या पत्त्यानंतर

दिवाळीच्या रात्री रंगलेला तीन पत्त्यांचा डाव ज्याने एकदा तरी पाहिला आहे, त्यास एक क्षण खचितच परिचित असेल. बैठकीतील सहा-सात गडी एकामागून एक पत्ते टाकून मागे सरकतात, समोरासमोर दोघेच उरतात आणि मग हसणे-खिदळणे आपोआप थांबते. एकाने चाल वाढविलेली असते. दुसऱ्यापुढे तीन वाटा असतात. पत्ते टाकून द्यावे, रक्कम मोजून ‘शो’ मागावा, की आपणच चाल वाढवून तीच अडचण प्रतिपक्षाच्या गळ्यात घालावी? पहिली वाट भित्र्याची, दुसरी सावधाची आणि तिसरी शूराची, अशी प्रेक्षकांची सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि ती चुकीची का, हे उमगावयास जगातील काही अत्यंत तल्लख माणसांना पुष्कळ वर्षे खर्च करावी लागली. त्या वर्षांचा इतिहास सांगण्याचा आमचा विचार आहे.

इतिहास आपल्या तीन पत्त्यांचा नव्हे; त्यांचा अमेरिकन भाऊबंद जो पोकर, त्याचा आहे. जुगाराची भलावण करणे हा आमचा हेतू नाही. या खेळाने किती घरे बुडविली, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या प्रश्नावर फ्रान्सच्या एका मंत्र्याने लेखणी चालविली, ज्याने विसाव्या शतकातील एका थोर गणितज्ञास गुंतवून ठेवले आणि जो अखेरीस यंत्रांकडून सोडवून घ्यावा लागला, तो प्रश्न केवळ पत्त्यांचा आहे म्हणून त्याकडे पाठ फिरविणे शहाणपणाचे होणार नाही.

पोकरचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात झाला आणि मिसिसिपी नदीवरील आगबोटींनी तो उत्तरेकडे नेला. जोसेफ कॉवेल नावाच्या इंग्रज नटाच्या १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत अशाच एका आगबोटीवरील डावाचे वर्णन आहे. त्या काळी वीसच पत्त्यांनी खेळत. पुढे पत्ते बावन्न झाले, प्रकार वाढले आणि टेक्सास प्रांतात ‘होल्डेम’ नावाचा प्रकार रूढ झाला. १९६० नंतरच्या दशकात तो लास व्हेगासला पोहोचला आणि १९७० साली तेथील हॉर्सशू जुगारगृहात ज्या जागतिक स्पर्धेस आरंभ झाला, तिचा मुख्य खेळ लवकरच तो ठरला.

होल्डेमची रीत सोपी आहे. प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेले पत्ते असतात. मेजावर सर्वांसाठी मिळून पाच पत्ते उघडले जातात. प्रथम तीन, मग एक आणि अखेर आणखी एक. या सातांतून उत्तम पाच पत्त्यांचा हात ज्याचा, तो जिंकतो. प्रत्येक उघडणीनंतर पैजेची फेरी होते. शेवटच्या पत्त्यास ‘रिव्हर’, म्हणजे नदी, असे नाव आहे. या लेखापुरते काही शब्द आम्ही ठरवून घेतो. समोरच्याने लावलेल्या रकमेइतकी रक्कम मोजून पत्ते उघडावयास लावणे ही ‘बरोबरी’. अधिक रक्कम लावणे ही ‘चढ’. चढीवर पुन्हा चढ ती ‘फेरचढ’. आणि हातात काही नसता केलेली चढ ती ‘हूल’. उरलेले दोघेच, नदी आलेली आणि प्रतिपक्षाने आपल्या पैजेवर चढ केलेली, अशा वेळी बरोबरी करावी की फेरचढ, एवढाच आमचा प्रश्न आहे.

नदीची फेरी आधीच्या फेऱ्यांहून निराळी कशी, हे १९८८ सालच्या जागतिक स्पर्धेतील अखेरच्या डावावरून चांगले कळते. जॉनी चॅन आणि एरिक सायडेल हे दोघे उरले होते. चॅनच्या हाती किलवरचा गुलाम आणि नव्वी. सायडेलच्या हाती राणी आणि सत्ती. मेजावर पहिले तीन पत्ते आले ते राणी, दश्शी आणि अठ्ठी. म्हणजे सायडेलची राण्यांची जोडी झाली. पण चॅनचे अठ्ठीपासून राणीपर्यंत पाच पत्ते ओळीने लागले. त्या क्षणी त्याहून मोठा हात असणे शक्यच नव्हते. तरीही सायडेलने चढ केली तेव्हा चॅनने फेरचढ केली नाही. मुकाट्याने बरोबरी केली. चौथा पत्ता दुर्री आला. दोघेही गप्प राहिले. पाचवा छक्की आला आणि सायडेलने आपले सर्वस्व लावले. चॅनने बरोबरी केली आणि सलग दुसऱ्या वर्षी विजेतेपद व सात लाख डॉलर मिळविले. पुढे १९९८ साली ‘राउंडर्स’ या चित्रपटातही हा डाव दाखविण्यात आला.

चॅनची ती मुकाट बरोबरी सापळा ठरली, कारण पुढे दोन पत्ते व दोन फेऱ्या शिल्लक होत्या. दुबळेपणाचे सोंग घेऊन प्रतिपक्षास पुढे ओढावयास अवकाश होता. नदी आल्यानंतर तो अवकाश उरत नाही. तेथे बरोबरी केली की खाते बंद होते. म्हणून अजिंक्य हात असलेल्याने नदीवर, प्रतिपक्षाजवळ रक्कम शिल्लक असता, नुसती बरोबरी करणे म्हणजे पदरचे पैसे सोडून देणे होय. सायडेलजवळ शेवटी काहीच शिल्लक नव्हते, म्हणूनच चॅनची अखेरची बरोबरी हाच पूर्ण विजय झाला. अजिंक्य हाताचा निर्णय असा सोपा असतो. अवघड असतो तो त्याच्या खालचा, चांगला परंतु अजिंक्य नसलेला हात.

या अवघड प्रदेशात गणिताने प्रथम पाऊल टाकले ते फ्रान्समध्ये. एमिल बोरेल हा नामवंत गणितज्ञ राजकारणातही होता आणि १९२५ साली तो फ्रान्सचा नौदलमंत्री झाला. त्याआधी १९२१ सालीच त्याने खेळांच्या सिद्धांतावर एक टिपण प्रसिद्ध केले होते. पुढे १९३८ साली द्यूतविषयक ग्रंथात त्याने पोकरचा सांगाडा मांडला. दोन खेळाडू असावेत. प्रत्येकास पत्त्यांऐवजी शून्य ते एक यांमधील कोणतीही एक संख्या गुप्तपणे मिळावी. पहिल्याने पैज लावावी वा माघार घ्यावी. दुसऱ्याने बरोबरी करावी वा माघार घ्यावी. सारा रंग, सारा धूर, सारी चेहऱ्यावरची नाटके काढून टाकल्यावर उरतो तो असा निव्वळ निर्णय. किती संख्येपासून पुढे बरोबरी करणे परवडते, हे त्याने हिशेबाने काढले. चेहरा वाचणे ही ज्या खेळाची किल्ली समजत, त्यात चेहरा न पाहताही शहाणपणाने वागता येते, ही गोष्ट त्या हिशेबाने दाखवून दिली.

बोरेलला जे सर्वसाधारणपणे सिद्ध करता आले नव्हते, ते १९२८ साली जॉन फॉन नॉयमन या बुडापेस्टला जन्मलेल्या तरुणाने सिद्ध केले. दोघांच्या ज्या खेळात एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा असतो, त्यात प्रत्येकापाशी वागण्याची अशी एक रीत असते की प्रतिपक्षास ती आगाऊ कळली तरी बिघडत नाही. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञासह लिहिलेला त्याचा ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. त्यात पोकर व हूल यांस एक स्वतंत्र विभाग दिला आहे. त्यातील निष्कर्ष मोठा विलक्षण आहे. उत्तम हातावर मोठी बोली करावी, हे कोणीही सांगेल. मधल्या हातावर लहान बोलीने राहावे, हेही पटते. परंतु अगदी खालच्या हातांवर कधी कधी पुन्हा मोठी बोली करावी, असे गणित सांगते! हूल हा स्वभावाचा उनाडपणा नसून हिशेबाची गरज आहे. जो कधीच हूल देत नाही, त्याच्या खऱ्या चढीला कोणी बरोबरी करीत नाही. आणि मग त्याचे उत्तम पत्ते कवडीमोल होतात.

हेच तत्त्व अगदी लहान आकारात पाहावयाचे असेल तर हॅरोल्ड कून याने १९५० साली मांडलेला खेळ पाहावा. पत्ते तीनच, समजा राजा, राणी आणि गुलाम. दोघांस एकेक पत्ता, आणि पैज फक्त एकदा. त्यातही असे निघाले की पहिला गडी पैज न लावता थांबला, तर दुसऱ्याने गुलाम हाती असता तीनांतून एकदा हूल द्यावी. आणि पहिल्याने पैज लावली असता राणीवाल्याने तीनांतून एकदा बरोबरी करावी. राणी हा मधला हात. तिने स्वतः होऊन पैज लावण्यात अर्थ नाही, कारण राजा ती स्वीकारील आणि गुलाम पळून जाईल. तिचे काम एवढेच की अधूनमधून पैसे मोजून समोरचा खरे बोलतो की खोटे, हे पाहावे.

राणीची ही गोष्ट ध्यानी घेतली की आमच्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते. उरलेले अर्धे व्यवहारी खेळाडूंच्या लेखनातून मिळते. डेव्हिड स्क्लान्स्की याच्या १९८७ सालच्या पोकरविषयक ग्रंथात दोघांमधील शेवटच्या फेरीवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यातील मर्म आम्ही आमच्या आकड्यांनी मांडतो.

समजा, डावात १०० रुपये आहेत. नदी आल्यावर आपण १०० लावले. प्रतिपक्षाने चढ करून ३०० लावले. आता डावात एकूण ५०० झाले आणि बरोबरीसाठी आपणांस आणखी २०० मोजावे लागतील. म्हणजे सातांतून दोन वेळा जरी आपला हात सरस निघाला, तरी बरोबरीत तोटा नाही. समजा, प्रतिपक्षाच्या हाती सारख्याच संभवाचे दहा प्रकारचे हात असू शकतात. त्यांपैकी तीन आपल्याहून सरस, चार चांगले पण आपल्याहून हिणकस, आणि तीन नुसती हूल. दहांतून सात वेळा आपण जिंकणार! अशा वेळी मन उसळी घेते. इतके वरचढ असता नुसती बरोबरी करावयाची? उरलेली सारी रक्कम पुढे ढकलून ९०० ची फेरचढ का करू नये?

आता हिशेब पाहा. फेरचढ करताच हूल देणारे तिन्ही हात पळतील. त्यांच्यापासून जे मिळावयाचे ते नुसत्या बरोबरीतही मिळालेच असते. एक पैसाही अधिक नाही. सरस असलेले तिन्ही हात बरोबरी करतील आणि प्रत्येक वेळी जादा ६०० घेऊन जातील. हिणकस चारांपैकी, समजा, दोन धजावतील आणि दोन पत्ते टाकतील. म्हणजे फेरचढीस होकार देणारे हात पाच. त्यांतील तीनांशी आपण हरतो, दोघांशी जिंकतो. दहा डावांत जादा लाभ १२०० आणि जादा तोटा १८००. ज्या हाताने आपण दहांतून सात वेळा जिंकतो, त्याच हाताने केलेली फेरचढ दहा डावांमागे ६०० रुपये बुडविते!

या साऱ्या इतिहासाचा गाभा आम्हांस येथे दिसतो. ‘माझा हात किती मोठा?’ हा बरोबरीचा प्रश्न आहे. ‘माझ्या फेरचढीस कोणकोणते हात होकार देतील, आणि त्यांत माझा हात कितवा?’ हा फेरचढीचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यास लावणे ही बुद्धिमान माणसांचीही नित्याची चूक असते. होकार देणाऱ्या हातांपैकी निम्म्याहून अधिकांवर आपला विजय निश्चित असेल तरच लाभासाठी फेरचढ करावी. आणि प्रतिपक्षास पुन्हा चढ करावयास वाव असेल, तर निम्म्याहून बरेच अधिक हवे.

फेरचढीचे दुसरे स्थान आहे ते अगदी खालच्या टोकास. ज्या हाताने बरोबरी करून काही जिंकताच येणार नाही, त्यास हूल म्हणून फेरचढ करता येते. मात्र सरस हातास पळवून लावण्याची खरीखुरी आशा असली पाहिजे. येथे जाणते खेळाडू एक बारकावा पाहतात. मेजावर इस्पिकचे तीन पत्ते आहेत आणि इस्पिकचा एक्का आपल्या हाती आहे. आपणांस रंग जुळलेला नाही. तरी तो एक्का प्रतिपक्षापाशी नाही, हे निश्चित झाले. म्हणजे इस्पिकच्या एक्क्याचा सर्वांत मोठा रंग त्याच्याजवळ असूच शकत नाही. निरुपयोगी हातातील एक पत्ता असा प्रतिपक्षाच्या शक्यता कमी करून जातो.

हूल आणि मधला हात यांचा सामना जगाने २००३ साली पाहिला. टेनेसीतील ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस इंटरनेटवरील एका लहानशा पात्रता-स्पर्धेतून आला होता. त्याच्यासमोर मुरब्बी व्यावसायिक खेळाडू सॅमी फरहा होता. मेजावर नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी आणि तिर्री. फरहाच्या हाती राणी आणि नव्वी, म्हणजे मेजावरील सर्वांत मोठ्या पत्त्याची जोडी. मनीमेकरच्या हाती राजा आणि सत्ती; रंग हुकलेला, ओळ हुकलेली. नदीवर फरहा थांबला आणि मनीमेकरने सर्वस्व लावले. फरहा बराच वेळ विचारात पडला आणि अखेर त्याने सरस हात टाकून दिला. पुढे मनीमेकर जिंकला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला.

पत्ते उघडे पाहून आलेल्या शहाणपणाने लोक आजही फरहास दोष देतात. आम्हांस तो न्याय वाटत नाही. त्याचा हात कूनच्या राणीसारखा होता. खरी ताकद असलेल्यापुढे तो हरणार, हूल असल्यास जिंकणार. अशा हाताने कधी बरोबरी करावी, कधी टाकावे. त्या एका दिवशी टाकावयास नको होते, एवढेच. एका डावाच्या फळावरून निर्णयाची पारख करता येत नाही.

ही पारख कशी करावी, हे अखेर यंत्रांनी दाखविले. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली ‘सेफियस’ नावाची आज्ञावली जाहीर केली. ज्यात चढीची रक्कम ठराविक असते, असा दोघांचा होल्डेम तिने जवळजवळ पूर्णपणे सोडविला. तिच्या शिक्षणाची रीत मोठी मननीय आहे. ती स्वतःशीच अगणित डाव खेळते आणि प्रत्येक निर्णयाच्या जागी न घेतलेल्या वाटेबद्दलची हळहळ टिपून ठेवते. येथे बरोबरी केली. फेरचढ केली असती तर किती अधिक मिळते? ही हळहळ ती एका डावापुरती मोजत नाही. प्रतिपक्षाच्या हाती जे जे असू शकले असते, त्या सर्वांवर पसरून मोजते. ज्या वाटेची हळहळ साचत जाते, त्या वाटेने ती पुढे अधिक वेळा जाते. चार हजार आठशे प्रक्रियकांवर ६८ दिवस हे काम चालले होते.

त्यानंतर दोनच वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, पिट्सबर्ग येथील जुगारगृहात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या यंत्राने चार व्यावसायिक खेळाडूंशी १,२०,००० डाव खेळून १७ लाख ६६ हजार २५० डॉलर किमतीच्या सोंगट्यांची आघाडी मिळविली. येथे रकमेवर मर्यादा नव्हती. डाव अखेरीकडे आला की हे यंत्र प्रतिपक्षाने लावलेली नेमकी रक्कम धरून उरलेला खेळ नव्याने सोडवीत असे. अशा यंत्रांच्या उत्तरांत एक गोष्ट सतत आढळते. एकाच हाताने, एकाच प्रसंगी, ती काही वेळा बरोबरी करतात आणि काही वेळा फेरचढ. हा चंचलपणा नव्हे. दोन्ही वाटांची किंमत सारखी असते तेथे एकच वाट धरणे म्हणजे आपली चाल उघडी करणे होय, हे फॉन नॉयमनने कागदावर मांडलेलेच तत्त्व तेथे मेजावर आले.

कायद्याच्या दृष्टीने या खेळांचे स्थान काय, हा प्रश्न आमच्या अधिकारी वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालच्या आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला आणि तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ दैवाचा म्हटला. इंटरनेटवरील पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. त्याने तर कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूस ठेवला. पत्ते कोणते येतील हे दैव, यात शंका नाही. परंतु आलेल्या पत्त्यांवर काय करावे, येथे दैवाची हद्द संपते. आणि म्हणूनच, आमच्या मते, हा खेळ पैशावाचूनही विचार करण्याजोगा आहे. पैशासह तो खेळू नये याचेही कारण त्याच हिशेबात आहे. दीर्घकाळात जो अधिक जाणतो तो जिंकतो, आणि मेजाशी बसणाऱ्या प्रत्येकास तो आपणच आहोत असे वाटत असते.

सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्यांना या निर्णयाची दुसरी रूपेही आठवतील. एखाद्या खात्याकडून खरमरीत पत्र येते. आपली बाजू बऱ्यापैकी भक्कम असते. नियमाप्रमाणे उत्तर देऊन, कागद मागवून प्रकरण उघडे करणे ही झाली बरोबरी. पण लेखणी सरसावते ती अधिक खरमरीत उत्तरासाठी. त्या उत्तरास भिऊन मागे हटणारा मुळातच हरलेला असतो. आणि जो हटत नाही, त्याच्याकडे बहुधा आपल्याहून भक्कम कागद असतो. आपल्या फेरचढीस होकार कोण देईल, हे त्या घटकेला कोणी विचारीत नाही.

दिवाळीच्या बैठकीत ‘शो’ मागणाऱ्यास म्हणूनच आम्ही यापुढे भित्रा म्हणणार नाही. मधल्या हाताने बसलेला तो गृहस्थ आपली मर्यादा ओळखतो, खरे काय ते पाहण्याची किंमत मोजतो आणि पत्ते उघडतो. कधी हरतो, कधी जिंकतो. पण कोणत्या प्रश्नाचे उत्तर आपण देत आहोत, हे त्यास ठाऊक असते.